कुंदाने न विचारलेला प्रश्न

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात हरभरा निवडत बसले होते. बुलढाण्याहून माझ्या दिराचा फोन. "वहिनी, कुंदा गेली," म्हणाला आणि मग तुटक तुटक सांगत गेला. सकाळी उठली, चहा ठेवला आणि ओट्यापाशीच कोसळली... हृदय बंद पडलं. पोटाच्या रोगांमागे आयुष्य घालवलेली बाई, आणि दगा दिला तो काळजाने. हे ऐकून आधी तीच हसली असती.

कुंदा माझी धाकटी जाऊ. जावाजावांचा उभा दावा म्हणतात; आमचा नव्हता असं नाही, पण तो वांग्याच्या भाजीत तिखट किती घालायचं यापलीकडे फारसा गेला नाही. पन्नाशीला टेकता टेकता तिने पीएचडी केली. सांत्वनाला आलेले लोक विचारत, "कुंदाबाईचा विषय कोन्ता होता?" मी "सूक्ष्मजीवशास्त्र" म्हणून मोकळी व्हायचे. खरा विषय असा, की अन्नातून पोटात गेलेला जंतू माणसाच्या आतड्यात रोग कसा करतो. सरळ सांगायचं तर हगवण कशी लागते. हा शब्द सुतकाच्या घरात, सोयऱ्यांपुढे, माझ्या तोंडून निघेना. कुंदाच्या तोंडून मात्र सहज निघायचा. आमच्या गावी, अमडापुरात तिचा सत्कार झाला तेव्हा तिने माईकवर तो इतक्यांदा उच्चारला, की पहिल्या रांगेत बसलेल्या मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर मी म्हटलं, "काऊन वं, दुसरा शब्द नव्हता का तुह्याजोळ?" ती म्हणाली, "होता. पन लाजंनंच लोकं मरतेत, ताई." मला ते भाषणातलं उरलेलं वाक्य वाटलं.

ते कुठून आलं होतं हे खरं तर मला माहीत होतं. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या. आमच्याकडे तो स्वयंपाक म्हणजे दिवसभराचा रगाडा. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या, सगळं सोवळ्यात; आणि दिवेलागणीला नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी काही चाखायचं नाही, मीठसुद्धा अंदाजानेच. नव्या सुनेचा मान म्हणून सासूबाईंनी तांदळाची खीर कुंदावर सोपवली. तिने ती दुपारीच करून झाकून ठेवली. रात्री पंगतीत सासूबाई स्वतः वाढत फिरल्या, "खीर धाकटीनं केली, घ्या अजून!" कुंदा दाराआडून बघत होती. तिचा तो फुललेला चेहरा मला अजून दिसतो.

शेजारच्या गोदामावशीने खीर मागून घेतली. जेवून घरी गेली आणि लगेचच तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत आणखी काही जणांना, त्यात माझ्या नवऱ्यालाही. बाकीचे सावरले, पण गोदामावशी तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या घरच्यांनी "ताप आला" असं सांगितलं, आमच्या सासूबाईंनीही सगळ्यांना तेच सांगितलं. कोणी कोणाला तोंडावर दोष दिला नाही. पण गावात एक प्रश्न फिरत राहिला, "खीर कोनं केली होती?" आणि त्याचं उत्तर आमच्या सासूबाईंनीच पंगतभर वाटून ठेवलं होतं.

त्यानंतर कुंदा मावशीच्या दारावरून कधी गेली नाही. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीतून वळसा घालून जाई. मावशीची सून शकूबाई नळावर दिसली की ही रिकामी कळशी घेऊन परत. पुढे दिराची बुलढाण्याला बदली झाली तेव्हा मला तिच्यासाठी हायसंच वाटलं. तिथे ती शिकली, कॉलेजात शिकवायला लागली आणि मुलं हाताशी आल्यावर पीएचडीला बसली. नातेवाइकांना वाटलं, बाईला या वयात हौस सुचली.

एकदा तिने मला प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. काचेच्या ताटलीत माणसाच्या आतड्याच्या पेशी वाढवलेल्या आणि त्यांच्यावर जंतू सोडलेले. मी आधीच नाकाला पदर लावला. वास कसलाच नव्हता. भिंगाखाली दाखवत ती म्हणाली, "पाहा ताई, हा दार फोडून शिरत नाही. असा काही इशारा करते का आतड्याची पेशीच त्याले कवेत घेते. पाहुना समजून." मी बघितलं, मला कळलं फारसं काही नाही. मग धीर करून विचारलं, "त्या दिवशी तू खीर चाखली असती, तं कळलं असतं का?"

"नाही. चव बदलत नाही, वास येत नाही. काहीच कळलं नसतं."

मला वाटलं, चला, सुटली बिचारी. पण ती भिंगावरून डोळा न उचलता बोलत राहिली... मावशीला जेवल्याबरोबर झालं, बाकीच्यांना पहाटे. जंतूला पोटात उठायला काही तास तरी लागतात, मग असं का? "शकूबाईले एकच विचाराचं हाय. मावशीचं पोट आधीपासूनच तं बिघडलं नव्हतं?"

"मंग विचार ना."

"कोन्त्या तोंडानं? मायी खीर खाऊन तिची सासू गेली, अन् मीच विचारू का तुमची सासू आधीच बिमार होती?"

वर्षानुवर्षं जंतूंची उलटतपासणी करणारी ही बाई त्या एका दाराशी जाऊ शकली नाही. मीही तिच्या वतीने गेले नाही. असलं कोणी विचारतं का?

तेरवी, म्हणजे तेराव्या दिवसाचं जेवण, आम्ही अमडापूरच्या घरीच केली. शकूबाई आल्या, काठी टेकत. माझ्याजवळ बसल्या आणि पदराचं टोक चुरगाळत हळूच म्हणाल्या, "कुंदाबाईले एक सांगाचं राहून गेलं. आमची सासू त्या दिवशी सकाळपासूनच परसाकडे जाऊन राह्यली होती. मी म्हटलं, नका जाऊ. तं म्हने, महालक्ष्मीच्या जेवनाले नाही म्हनत नसतेत."

मला एकदम आठवलं. गोदामावशी त्या दुपारीच आमच्याकडे आली होती, पुरण वाटू लागायला. बाह्या सारून पाट्यावर बसली होती...

"तुमच्या इथं इतके लोकं बिमार पडले," शकूबाई म्हणाल्या, "सांगतलं असतं तं सारे म्हनले असते, हिच्याच हातानं दुखनं आनलं. लाज वाटली, बाई."

रागवावं तर कोणावर? त्यांनी आपल्या घराची लाज झाकली, आम्ही आमच्या घराची. मधल्या मध्ये कुंदाने जन्मभर मान खाली घातली. म्हणजे खीर निर्दोष ठरली का? कुंदा म्हणाली असती, "पुरावा नाही, ताई." पण निदान ऐकून घेतलं असतं. पंधरा पावलांवरचं घर ते, आणि बातमी पोचली ती तिच्या तेरवीला.

स्वयंपाकघरातून पुऱ्यांसाठी हाक आली. शकूबाई काठी सावरत उठल्या, "चाला, मी बसल्या बसल्या लाटू लागते."

माझे कान तापले. आजूबाजूला सगळ्या सोयऱ्या बसलेल्या. तरी मी विचारलं, जरा मोठ्यानेच विचारलं गेलं, "शकूबाई, आज तुमचं पोट बरं हाय ना? हगवण-बिगवण नाही ना?"

बायांच्या माना वळल्या. कोणीतरी तोंडाला पदर लावला.

"बरं नाही," शकूबाई पुटपुटल्या. "पहाटेपासून चालू हाय. पन तेरवीले नाही कसं म्हनावं?"

मी त्यांचा हात धरून त्यांना कुंदाच्या जुन्या खोलीत नेलं, तिच्या पलंगावर बसवलं आणि मीठ-साखरेचं पाणी करून आणलं. त्या मान वर न करता घोट घोट पीत राहिल्या. बाहेर पंगतीला पानं मांडली जात होती, मला हाका चालल्या होत्या. पेला रिकामा होईपर्यंत मी तिथून हलले नाही.