नाही म्हणायची तालीम

घिवलीत नकला कराव्यात तर शकूनंच. लिलाववाला, एसटीचा कंडक्टर, खुद्द तिची सासू, कुणाला म्हणून तिनं सोडलं नाही. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत टाकता टाकता आम्ही शेजारणी पोट धरून हसायचो.

तिचा नवरा दर्पण बोईसरच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथंच पुडीच्या नादी लागला. एकदा नशेत त्यानं उकळतं कालवण लेकीच्या पायावर सांडलं. शकूनं सात वर्षांच्या रिद्धीला उचललं आणि एडवणला आईकडे नेऊन ठेवलं. हा नाद सुटल्याशिवाय पोर घरी आणायची नाही, असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं.

मग व्यसनमुक्ती केंद्र. तिथल्या बाईंनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या कुणीतरी पुडी देणारा मित्र व्हायचं आणि दर्पणनं नकार द्यायचा. डोळ्यांत बघायचं, नाही म्हणायचं, कारण द्यायचं नाही, निघून जायचं.

शकूला आयतंच काम मिळालं! पुडी आणणारा मितेश पक्का घुम्या, नुसता मानेनं खुणवायचा. घुम्याची नक्कल करणार कशी? मग शकूनंच त्याला वाचा दिली. रोज संध्याकाळी नवऱ्याची टोपी घालून ती दारात उभी राहायची.

"काय रं, बायकोनं सुकटीवानी पदरात बांधलाय काय तुला?"

दर्पण आधी खो खो हसायचा, मग म्हणायचा, "नाय. मला नको. परत विचारू नको."

परवा खरा मितेश वलांडीपाशी आला. सगळ्यांदेखत, पाठ केल्यासारखा बोलला, "काय रं, बायकोनं सुकटीवानी पदरात बांधलाय काय तुला?"

दर्पणनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "नाय. मला नको. परत विचारू नको." आणि ताठ मानेनं निघून गेला. मी वेडी, रडलेच आनंदानं.

"अगो शकू, जिंकलीस!"

शकू हातात बोंबील धरून तशीच उभी होती. "ते बोलणं माझं हाय," ती म्हणाली. "घरातलं. त्या घुम्याला कुणी शिकवलं?"

दर्पणनंच, दुसरं कोण! मेल्यांनी तिच्याच तालमीचं नाटक तिच्यापुढे केलं होतं. दर्पणला कालथ्यानं हाणावंसं वाटलं मला.

संध्याकाळी मी तिच्याच ओट्यावर होते. दर्पण लाडात आला. "आता तरी रिद्धीला आणूया ना?"

शकूनं त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"नाय. परत विचारू नको."

कारण दिलं नाही. पिशवी उचलली आणि एडवणची गाडी पकडायला निघून गेली.