भावाचा उपास

"विळी आण हिकडं. सुरी बी आण. ती छोटी लपिवलीस ती पण."

नागपंचमीच्या सकाळी आक्का दारात उभ्या राहून असं म्हणायच्या आणि उचगावातल्या आमच्या कॉलनीतल्या बायका निमूट विळ्या-सुऱ्या त्यांच्या पिशवीत टाकायच्या. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही; नागोबाला इजा होते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लोकांच्या ठाऊक असण्यावर आक्कांचा भरवसा नव्हता. पिशवी संध्याकाळी परत मिळायची.

एका पंचमीला माझ्या मुलीनं पिझ्झा मागवला आणि नेमक्या आक्का आल्या. खोक्याचं झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं.

"कापलाय की ह्यो."

"दुकानात कापलाय, आक्का. आम्ही नाही."

"मग त्येंच्या डोस्क्यावर पाप," म्हणत त्यांनी एक तुकडा उचलला आणि उभ्या उभ्या खाल्ला. "मीठ कमी हाय."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिला कुणी नेमलेलं नसतं, पण तिच्याशिवाय सण सुरू होत नाही. कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटात एक वारूळ होतं. तिथवर बायकांना न्यायच्या त्या आक्काच. खरं तर त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अशा बाईनं पुढे होऊन पूजा करावी का, असं सुरुवातीला कुजबुजणाऱ्या काहीजणी होत्या. आक्का त्यांना मोठ्या आवाजात एवढंच विचारायच्या, "भाऊ हाय न्हवं मला?"

भाऊ होता. चंदगडकडच्या एका खेड्यात भातशेती करायचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. आक्कांनीच त्याला कडेवर वाढवला. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. आम्ही धरायचो तो साबुदाण्यावर. आक्का दिवसभर नुसत्या पाण्यावर राहायच्या. दुसऱ्या दिवशी तो एसटीनं यायचा, काजूची पिशवी दारात ठेवायचा आणि कोपऱ्यात बसायचा.

"प्रवास कसा झाला?" मी विचारायची.

"झाला."

"भात कसं आहे यंदा?"

"हाय."

तो हात धुवायला उठला की आक्का मला सांगायच्या, "लई बोलका हाय, बाई. जरा वळख व्हायला पायजे." मी शाळेत शिकवते, म्हणून मला त्या 'बाई' म्हणायच्या. आमची त्याची ओळख काही झाली नाही.

मग एका वर्षी उपासाच्या दुपारी आम्ही आक्कांकडे मेंदी लावत बसलो होतो. फोन वाजला. भावजय होती. पंचमीला जमिनीला औत लावायचं नाही, म्हणून भाऊ आदल्या दिवशीच शेवटच्या वाफ्याची चिखलणी उरकत होता. बांधावरून चिखलात पाय टाकला आणि साप चावला. चंदगडच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं होतं, पण पापण्या मिटत होत्या, श्वास लागत होता. त्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून पुढच्या मोठ्या दवाखान्यात आणत होते.

माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. आक्का अनवाणीच बसल्या, एका हाताला ओली मेंदी तशीच. वाटेत मी केळं पुढे केलं.

"नगं. त्येच्या नावानं धरलाय उपास. म्या उपाशी हाय तवर त्येला काय व्हत न्हाय."

मी केळं पिशवीत ठेवलं. त्यांच्याशी वाद घालायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच खरं असावं असं वाटत होतं.

गडहिंग्लज मागे टाकल्यावर एका पुलावर पाणी आलं होतं. पोलिसांनी रस्ता अडवला होता. तेवढ्यात भावजयीचा फोन आला, "आमी पलीकडं हाय."

पलीकडे खरंच एक पांढरी अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. दिवा फिरत होता. मध्ये तांबडं पाणी. आक्का पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या आणि ओरडल्या, "डोळं उघड रं! मी आलीया! डोळं उघड!"

पाण्याच्या आवाजात आम्हालाच ते धड ऐकू येत नव्हतं.

"मावशी, माघारी सरा," पोलीस म्हणाला.

"दोर टाका की. एवढी माणसं हाय तुमी, काय तरी करा की."

"पाणी उतरल्याबिगर काय करता येत न्हाय ओ," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

अ‍ॅम्ब्युलन्स वळली. लांबच्या रस्त्यानं प्रयत्न करणार होते. दिवा झाडांमागे जाईपर्यंत आक्का हात वर करून उभ्या होत्या. भाऊ त्या वाटेतच गेला.

पाणी उतरल्यावर आम्ही त्याच्या गावी पोचलो. दहन झाल्यावर शेजाऱ्यांनी कडू घास आणला. आक्कांनी ताट सरकवलं. "सोडू कुणाच्या नावानं?" त्यांनी विचारलं. शेवटी भावजयीनंच रडत रडत घास त्यांच्या तोंडाला लावला.

पुढच्या पंचमीला त्यांना बोलवावं की नाही, हे आम्हाला कळेना. त्या स्वतःच आल्या, पण सगळ्यांच्या मागून. नागपंचमीच्या कहाणीतल्या बहिणीचा भाऊ मरतो आणि तिला त्याच्या जागी नाग दिसतो, मग ती नागालाच भाऊ मानते. आमच्यातली एकजण मायेनं म्हणाली, "आक्का, तुम्हीपण नागालाच भाऊ माना."

"त्येनंच न्हेला की गं माझा भाऊ."

वारुळापाशी आक्का सर्वांत शेवटी बसल्या. दूध घातलं, लाह्या वाहिल्या. मग देवाशी बोलतात तसं नव्हे, दारात आलेल्या माणसाशी बोलावं तसं त्या खणखणीत म्हणाल्या, "तुझ्यावर राग हाय माझा. पर भावाची पोरं त्याच शेतात जात्यात. त्येंच्याकडं बघू नगंस."

त्यानंतर घराला कुलूप लावून त्या भावजयीकडे राहायला गेल्या. शेताला माणूस कमी पडत होतं. यंदा लावणीच्या दिवसांत मी फोन केला.

"आक्का, सगळ्यांसाठी गमबूट पाठवते."

"रुतत्यात ओ बाई चिखलात. पोरांनी आणलं हुतं, बांधावर पडल्यात."

"मग जपून राहा."

"जपून म्हंजी काय करायचं? पाय तर घालायलाच लागतोय."

तिकडून कुणीतरी त्यांना हाक मारली. फोन बंद न करताच त्यांनी तो कमरेला खोचला असावा. चिखलातून एकेक पाय उपसल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि मी फोन कानाला धरून उभी राहिले.