मास्तरांची साक्ष

धुळ्याच्या आग्रा रोडवरून मास्तरांबरोबर चालणं ही एक शिक्षाच होती. त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम खडूचा तुकडा असे. दुकानाच्या फळीवर 'दुध' दिसलं की ते थांबत, दुकानदाराला नमस्कार करत, परवानगी मागत आणि 'दु'चा 'दू' करून पुढे निघत. निम्मे दुकानदार हसत, काही वैतागत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई. "चूक दिसली की मला पुढे जाता येत नाही, बाळ," असं ते म्हणत आणि चार पावलांवर पुन्हा थांबत.

मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झाले होते. आवाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या पत्नी राहत. बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. मूलबाळ नव्हतं. मी अमळनेरकडच्या एका खेड्यातून बी.ए. करायला धुळ्याला आले होते आणि इंग्रजी घेऊन बसले होते, त्यामुळे कुणीतरी मला त्यांच्याकडे शिकवणीला पाठवलं. माझ्या आईने पहिल्याच सुट्टीत बजावलं की शिक हवं तेवढं, पण बाटलेल्यांच्या घरचं पाणी पिऊ नको. मी महिनाभर तहानलेली बसत असे. मास्तरीणबाईंच्या ते लक्षात आलं असावं. एक दिवस त्यांनी एक नवा कोरा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि नळ कुठे आहे ते दाखवलं. त्या दिवशी मी त्यांच्या हातचा चहा प्याले, आणि आईला ते कधीच सांगितलं नाही.

मास्तरांची मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मोठी कीर्ती होती ती त्यांच्या साक्षीमुळे. दरवर्षी मेळावा भरे, तेव्हा लोक उभे राहून आपण देवाकडे कसे वळलो ते सांगत. मास्तरांची पाळी आली की आयाबाया मुलांना गप्प करत. मी एकदा हौसेने ऐकायला गेले होते. मास्तरांचा बाप पिंपळनेरच्या पुढच्या डोंगरातल्या गावातला पहिला ख्रिस्ती. गोरा पाद्री गावात मुक्कामाला आला, तेव्हा बापाने वेशीवरचा वाघदेव उपटला. सागाची जाड फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदराची पुटं. तो फोडून त्याच्यावर साहेबाच्या अंघोळीचं पाणी तापवलं. फळीचं दुसरं टोक धरून आणलं ते नऊ वर्षांच्या मास्तरांनी. शेवटी मास्तर हात पसरून म्हणत, "ज्या वाघाला सगळा गाव भीत होता, त्याने साहेबाचं पाणीसुद्धा नीट तापवलं नाही. ओला होता!" सगळा मांडव हसे. चाळीस वर्षं लोक त्याच जागी हसत होते.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक कादंबरी लागली. कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या गावाची गोष्ट. गावात मिशन येतं, दवाखाना येतो, शाळा येते. पहिला ख्रिस्ती झालेला माणूस पूर्वजांच्या घराचे कोरीव खांब उपटतो आणि त्यांची चर्चसाठी बाकं करतो. त्याची आई त्याच्या हट्टापायी चर्चमध्ये येते, पण त्या बाकांवर बसत नाही. मरेपर्यंत दर रविवारी ती भिंतीला टेकून उभी राहते. गाइडमध्ये 'परंपरा आणि परका धर्म यांचा संघर्ष' या नावाखाली तीन मुद्दे दिले होते. मी ते पाठ केले होते, तरी पुस्तक काही कळत नव्हतं. म्हणून मी ते मास्तरांकडे नेलं. तेवढं मी करायला नको होतं, असं पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

आठ दिवसांनी गेले तेव्हा मास्तर खाटेवर बसले होते आणि पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं. त्यांनी विचारलं, तुला काय वाटलं? मी खरं ते सांगितलं. आम्ही हिंदू, त्या पाद्र्यांची पुस्तकात जी शोभा झाली होती ती वाचून मला मनातून बरंच वाटलं होतं. मी म्हटलं, दुसऱ्यांचे देव मोडणाऱ्यांना चांगली अद्दल घडवली आहे लेखकाने.

मास्तर माझ्यावर चिडले ते त्या एकदाच. "तुला बरं वाटलं? माझी आई पायाच्या जखमांनी कुजत होती, तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं? तुमच्या विहिरीवर आम्हाला वरून पाणी ओतायचे. त्या साहेबाने माझ्या आईचे पाय आपल्या हाताने धुतले. आपल्या हाताने!"

मी मान खाली घालून बसले. मग ते हळू आवाजात बोलू लागले, आणि जे चाळीस वर्षांत मांडवात आलं नव्हतं ते मी त्या दुपारी ऐकलं. साहेबाची अंघोळ झाल्यावर सगळे प्रार्थनेला बसले. मास्तर भांडं आणायला मागे गेले, तर आई चुलीपुढे ओणवी होऊन वाघदेवाची राख पदरात भरत होती. हात भाजत होते तरी भरत होती. तिने मुलाकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याच महिन्यात घरातले सगळे साहेबामागे गाव सोडून धुळ्याला आले; पुढे ती बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती म्हणून जगली, ख्रिस्ती म्हणूनच पुरली गेली. त्या राखेचं तिने काय केलं ते मास्तरांनी कधी विचारलं नाही. "मी ते साक्षीतून गाळत आलो," ते म्हणाले. "लोक हसायचे थांबले असते ना."

त्यानंतर शिकवणी नावापुरती उरली. मास्तर ती कादंबरी पुन्हा पुन्हा वाचत. समासात पेन्सिलीने खुणा करत, आणि माझ्याशी भांडावं तसे लेखकाशी भांडत. लेखकाने त्यातल्या साहेबाला माणूस का केलं, सरळ राक्षस केला असता तर सोपं गेलं असतं, असं एकदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले की भिंतीशी उभ्या त्या बाईला त्याने एकदा तरी बसू द्यायला हवं होतं. मास्तरीणबाई मला दाराशी गाठून विचारत, हे पुस्तक परीक्षेला नक्की किती दिवस आहे? त्यांना झोप नाही, जेवण नाही. मी पुस्तक परत मागितलं, तर मास्तरांनी मला नवी प्रत घेऊन दिली आणि ती जुनी ठेवून घेतली.

परीक्षा झाल्यावर त्यांनी मला गावी सोबत चल म्हणून सांगितलं. एकट्याने जायचा धीर नव्हता आणि मंडळीतल्या कुणाला नेता येत नव्हतं. आम्ही साक्रीवरून एसटीने गेलो आणि पुढे चार मैल पायी. मास्तर सत्तरी ओलांडलेले, अंगात तोच कोट. 

गावात त्यांचा चुलतभाऊ होता, रूपजीआबा. वयाने मास्तरांएवढेच. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, घरातल्या सगळ्यांना बोलावून हा कोण ते सांगितलं. मास्तरांनी एकदम त्यांचे पाय धरले. मी त्यांना कधी कुणाच्या पायाशी वाकलेलं पाहिलं नव्हतं. बापाने देव उपटला, दुसरं टोक माझ्या हातात होतं, मला माफी द्या आणि नवा वाघदेव माझ्या खर्चाने बसवू द्या, असं ते म्हणाले.

आबांनी त्यांना उठवलं आणि वेशीवर नेलं. तिथे वाघदेव होता. मास्तरांच्या आठवणीतल्यापेक्षा उंच, शेंदराने लालभडक. मास्तर बघतच राहिले. आबांनी सांगितलं की मास्तरांची आई दुसऱ्याच पहाटे चोरून आली आणि राखेचं गाठोडं आबांच्या बापाच्या हातात दिलं. नव्या देवाच्या खड्ड्यात तीच राख घातली. नंतर त्या लाकडाला वाळवी लागली, तेव्हाही खड्डा तोच ठेवला.

"देव त्याच सालले परत उना," आबा शांतपणे म्हणाले. "तू मातर उना नही." देव परत आला होता, आले नव्हते ते मास्तर.

मास्तरांनी विचारलं की मी मेल्यावर मला इथे, आपल्या माणसांत जागा मिळेल का? आबांनी वाघदेवापुढचा पाचोळा हाताने बाजूला सारला. मग म्हणाले, "माफी देनारा मी कोन? पन आते तू आठना नही राहिना." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना काही बोलता आलं असतं. आता तू इथला राहिला नाहीस, एवढंच होतं. मास्तरांनी वाघदेवाकडे पाहून हात जोडले आणि आम्ही परत फिरलो. आबांनी आमच्या पिशवीत नागलीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. मास्तरांनी धुळ्यापर्यंत पिशवी उघडली नाही.

त्या वर्षीच्या मेळाव्यात मास्तरांनी साक्ष दिली. मी मागे बायकांत बसले होते. ओल्या लाकडाचं वाक्य आलं, लोक सवयीने हसले, पण मास्तर थांबले नाहीत. त्यांनी आई सांगितली, भाजलेले हात सांगितले, खड्डा सांगितला. मग म्हणाले, "साहेबाने आईचे पाय धुतले हे खरं आहे. आम्ही साहेबाच्या अंघोळीच्या पाण्यासाठी तिचा देव जाळला हेही खरं आहे. चाळीस वर्षं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं." मांडवात कुणीतरी खोकलं. चर्चच्या पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं.

पुढचं सगळं फार साधेपणाने घडलं. मास्तर मूर्तीपुढे हात जोडून आले हे कुणीतरी कळवलं होतं. मंडळीच्या पंचांनी बोलावून विचारलं, मास्तरांनी जोडले म्हणून सांगितलं. पश्चात्ताप झाला असं लिहून द्या, एवढंच ते मागत होते. मास्तर म्हणाले, पश्चात्तापानेच तर हात जोडले. मंडळीच्या कारभारातलं त्यांचं वडीलपण गेलं, प्रभुभोजनाची भाकरी मिळणंही बंद झालं. तरी ते दर रविवारी जात आणि शेवटच्या बाकावर बसत. भाकरीचं ताट त्यांच्यापाशी आलं की देणारा नजर दुसरीकडे वळवून पुढे जाई. त्या देणाऱ्याला मुळाक्षरं मास्तरांनीच शिकवली होती. शेजारच्या बाकावरून मास्तरीणबाई हे दर वेळी पाहत. मग त्यांनीही भाकरी घेणं सोडलं.

मी एम.ए.ला असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मी भेटायला गेले की ते माझा हात धरत आणि काहीतरी सांगायची धडपड करत. घशातून नुसते आवाज येत. पाटी पुढे केली तर डाव्या हाताने रेघोट्याच उमटत. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं दुरुस्त केलेला माणूस आपलं एक अक्षर काढू शकत नव्हता. मी त्यांना विचारलं, मी ते पुस्तक आणायला नको होतं का? त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते हो होतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

मे महिन्यात मास्तर गेले. धुळ्याचं ऊन, बर्फाच्या लाद्या वितळत चाललेल्या, आणि कबरस्तानातल्या जागेसाठी बैठक चाललेली. मास्तरांनी शेवटी पश्चात्ताप केला होता असं बाईंनी लिहून दिलं तर जागा मिळेल, असा निरोप आला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.  त्यांनी कागद मांडीवर घेतला, लिहिला, सही केली आणि तो नेणाऱ्याच्या हातात दिला. मग भिंतीकडे तोंड करून बसल्या. दफनाला त्या आल्या नाहीत.

रूपजीआबांना मी तार केली होती. ते दुसऱ्या दिवशी दुपारी चार माणसांसह पोचले, सगळं आटोपल्यावर. मी त्यांना कबरस्तानात घेऊन गेले. ओल्या मातीच्या ढिगाऱ्याशी उभं राहून त्यांनी विचारलं, डोकं कुठल्या बाजूला आहे? मी दाखवलं. आबा उन्हातच डोक्याच्या बाजूला मांडी घालून बसले आणि वाकून, कानात सांगावं तसे बोलू लागले. त्यांच्या घरातली बोली मला नीट कळत नव्हती. फक्त नावं कळत होती, एकामागून एक. बरोबरची माणसं एखादं नाव राहिलं की सुचवत होती.

मी हळूच विचारलं, काय सांगताय आबा?

"गावमा कोन मरी ग्या, कोन शे," ते वर न बघता म्हणाले, "हाई बठ्ठं त्याले कोन सांगी?"

गावात कोण गेलं, कोण उरलं, ते मास्तर गाव सोडून गेले त्या सालापासून सांगायला त्यांनी सुरुवात केली होती. ऊन उतरलं तरी ते अजून आमच्या काळापर्यंत पोचले नव्हते.