किसनला धरा!

पाठीवर सरकीचं पोतं चढलं की किसन 'हुतूतू' सुरू करायचा आणि जिनिंगच्या फाटकापासून गोदामापर्यंत एका दमात जायचा. मध्येच दम तुटला, तर पोत्यासकट परत फाटकाशी! मुकादम कपाळावर हात मारायचा, "पोतं पाहू का तुहा दम?" किसनचं उत्तर ठरलेलं, "पोतं मालकाचं, दम माहा!"

सत्तावन्न साली बोरी अरबच्या आमच्या हुतूतू संघात सगळे होते, किसन तेवढा नव्हता. आदल्याच वर्षी नागपूरला जाऊन तो बौद्ध झाला होता. गावानं मात्र त्याला जुन्याच जातीत ठेवलं होतं. मी समतेची पत्रकं वाटत फिरत होतो आणि याच संघाचा चिटणीसही होतो. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, याची लाज वाटते.

उपांत्य सामन्याच्या तोंडावर पोळा आला. आमचा चढाईचा हुकमी गडी नामदेव. त्यानं रंगवलेल्या बैलानंच त्याच्या पावलावर पाय दिला. बोटं मोडली. संघ सुतकात बसला. सायकल दुरुस्त करणारे आमचे कप्तान गफूरभाई पाना आपटून म्हणाले, "किसन को बुलाओ."

"लोक काय म्हंतीन?" एकजण पुटपुटला.

"लोगों का इतना डर है, तो उस बैल को उतारो मैदान में!"

किसन उतरला. पहिल्याच चढाईला नदीपलीकडच्या गावाचे सातही गडी मागे सरले. त्याला शिवलं तर घरी आंघोळ, वर आईच्या शिव्या! किसन एक पाऊल पुढे, ते दोन मागे. मागची रेषा आली आणि तिघं रेषेबाहेर जाऊन आपोआप बाद!

"धरा ना बे त्याले!" त्यांचा कप्तान ओरडला.

"तूच धर ना, पाटला!"

पंचाला हसू आवरेना, शिट्टी वाजेना. सामना आम्ही खिशात घातला. नामदेव एका पायावर नाचला. मी तर पत्रकाचा मथळाही ठरवला: 'अस्पृश्यता सर्वबाद!'

किसन मात्र बाजूला बसलेला. "भाऊ, हे का जितनं झालं? मी त निरा फिरून आलो. कोनी धरलंच नाई मले."

"अबे, पन फायनलले गेलो ना आपन!" मी म्हणालो.

"तिथंबी असेच पयाले, त मी घरी चाललो."

मी ते पत्रक छापलं नाही.

अंतिम सामना दारव्ह्याला, यवतमाळच्या कामगारांशी. किसन हुतूतू करत घुसला आणि एकानं घोटा धरला, दोघांनी कंबर, उरलेले वरून कोसळले. धप्प! दुसऱ्या चढाईलाही तेच. तिसऱ्यालाही. आम्ही असे हरलो की गफूरभाईंनी डोक्यावर रुमालच ओढून घेतला.

शेवटच्या ढिगाऱ्याखालून किसन निघाला. सदरा फाटलेला, कोपर सोललेलं, नाकात माती, आणि दात सगळेच्या सगळे बाहेर.

"हरलो ना बे," मी म्हणालो.

"हरलोच ना!" अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा तो ओरडला. "चांगले सात जनं लागले मले पाडाले!"