पडायला शिकलेला तिर्सो

९ जुलै १९५६, सोमवार. आभाळ स्वच्छ. खालच्या कुरणाची गवतकापणी संपली, वरचं उद्या. तांबडीचं दूध अजून कमीच. दुपारी चणे आणि सुकवलेलं मांस. आईने चार चादरी धुतल्या. संध्याकाळी सरावात तिर्सोचा उजवा हात कोपरातून निखळला.

बेनिल्देच्या वहीत त्या दिवसाची एवढीच नोंद आहे. शाळेतल्या सिस्टर सांगत, आधी हवा लिहावी, मग घर, आणि दुखणं सगळ्यात शेवटी. ती शाळा संपवून लेओन शहरातून डोंगरातल्या घरी परतली होती. तिर्सो तिचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा.

त्यांच्या भागातली कुस्ती पट्ट्याची. दोघांच्या कमरेला चामड्याचे पट्टे, दोघांचे हात एकमेकांच्या पट्ट्यात, पाय अनवाणी, खाली गवत. पाठ टेकली की पूर्ण हार, कूस टेकली तर अर्धी; दोन अर्ध्या मिळून एक पूर्ण. म्हणून शहाणा माणूस पडता पडता एक हात सोडतो, अंग वळवतो आणि अर्ध्यावर निभावतो.

तिर्सोच्या घरात मात्र हात सोडत नसत. बैलांच्या शिंगांना जू बांधायच्या जुन्या वादीतून त्या घरचा पट्टा कापला जाई. मुलाने स्वतःच्या विळ्याने सबंध दिवस गवत कापलं की बाप तो त्याच्या कमरेला बांधी आणि म्हणे, "बैल जू सोडतो का?" बस. एवढाच उपदेश. तिर्सोला हा पट्टा आदल्याच आठवड्यात मिळाला होता.

गावातल्या जवानांना अमान्सिओ मामा शिकवायचा. हा तिर्सोच्या आईचा भाऊ. अंगाने पिंप, जिभेने विळा. त्या संध्याकाळी नुकत्याच कापलेल्या कुरणात त्याने तिर्सोला कमरेवर उचललं आणि म्हणाला, "पाडतोय, भाच्या. हात सोड."

तिर्सोने सोडला नाही. दोघं पडले ते मामाच्या सगळ्या वजनासकट त्याच्या कोपरावर. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तरीही मूठ पट्ट्यातच. शेवटी मामाला स्वतःच्या पट्ट्याचं बक्कल काढून बाहेर यावं लागलं.

"सोड म्हटलं होतं ना?"

"आमच्या घरात सोडत नाहीत, मामा," तिर्सो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते.

"तुमच्या घरात डोकंही वापरत नाहीत. तुझ्या आईला लग्नाआधीच सांगितलं होतं मी."

बाजारगावच्या डॉक्टरने हाड बसवलं, प्लास्टर घातलं. "चमचा तोंडापर्यंत जाईल," तो म्हणाला. "कुस्तीचं नाव काढू नकोस." घरी आल्यावर बापाने, हेनादिओने, त्याचा पट्टा उचलला आणि स्वतःच्या खुंटीला टांगला. प्लास्टरपेक्षा तिर्सोला ते जास्त लागलं.

पंधरा ऑगस्टला गावची जत्रा. तिर्सो गळ्यात हात बांधून चर्चच्या भिंतीवर बसला. रीत अशी, की जिंकेल त्याने रिंगणातच उभं राहायचं आणि समोर कोणी येईनासं होईपर्यंत लढायचं. नदीकाठच्या एवेलिओने तिर्सोच्या गावचे पाच जण लोळवले. मग त्याने रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, "आहे का आणखी कोणी?" तीनदा कोणी उठलं नाही. बक्षिसाचा मेंढा खांद्यावर टाकून तो टेकडी उतरला.

"पुढच्या वर्षी मी उठणार," तिर्सो म्हणाला.

"कुठल्या हाताने?" बेनिल्देने विचारलं.

"ह्याच."

प्लास्टर निघालं तेव्हा हात दाराच्या कडीसारखा वाकडा राहिला होता. तिर्सो रोज झऱ्यावरून पाण्याची बादली त्याच हाताने आणू लागला. आधी अर्धी, मग पाऊण, नाताळापर्यंत भरलेली. दाराशी पोचेपर्यंत डोळ्यांत पाणी असायचं. आई तोंड फिरवायची, पण बादली घेत नसे. जानेवारीत तो मामाकडे गेला.

"पकड तुला येते," मामा म्हणाला. "पडायला येत नाही. तेवढं शिकणार असशील तर ये. नाहीतर घरी बसून चमचा उचल."

बाहेर कमरेइतकं बर्फ. गोठ्याच्या वरच्या माळ्यावर गवत भरलेलं. तिथे बेनिल्दे दुसऱ्या एका जुन्या पट्ट्याला धरून त्याला ढकलायची. तो हात सोडायचा, वळायचा, कुशीवर पडायचा. मामा पेंढीवर बसून पाइप ओढायचा, न पेटवता.

"उशीर. पुन्हा. पाव कापतोयस का? पुन्हा. अगं बेनिल्दे, जोरात ढकल, तो काही बिशप नाही."

"ए सिस्टर, दया कर," तिर्सो म्हणायचा.

"दया रविवारी," ती म्हणायची आणि ढकलायची. किती वेळा पडला ते ती वहीत रेघा मारून ठेवी. फेब्रुवारी संपता संपता रेघा नऊशेच्या वर गेल्या होत्या.

खाली गाईंना वैरण घालणाऱ्या हेनादिओला रोज डोक्यावर धपधप ऐकू यायचं. एका दुपारी तो शिडी चढून वर आला.

"काय चाललंय?"

"पडतोय, बाबा."

"हात सोडतोस?"

"सोडतो."

बेनिल्दे पट्टा धरून तशीच उभी राहिली. मामाने पाइप खिशात घातला. हेनादिओने कोट काढला आणि डावा हात वर उचलला. तो कानाशी येऊन थांबला, पुढे जाईना.

"एकतीस साली," तो म्हणाला. "मीही सोडला नव्हता. तेव्हापासून विळा आखूड फिरवतो. लोकांना वाटतं माझी पद्धत आहे."

"आणि आजोबा?"

"त्यांचं मनगट."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मला कुणी सांगितलं होतं?" त्याने कोट पुन्हा घातला. शिडीवर पाय ठेवला आणि थांबला. "डाव्या कुशीवर पडताना तू डोकं मागे टाकतोस. ते आत घे." दुसऱ्या दिवशी तो वादीचा पट्टा घेऊन वर आला आणि मुलाच्या कमरेला बांधला. बैलाचं काही बोलला नाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टला एवेलिओने चार जण पाडून विचारलं, "आहे का कोणी?" पहिल्याच हाकेला तिर्सोने चपला काढल्या.

एवेलिओने त्याला उचललं तेव्हा कोपरात जुनी कळ आली. वर्षभरापूर्वीचा तो आवाज कानात वाजला. त्याने हात सोडला, डोकं आत घेतलं आणि कुशीवर पडला. भिंतीजवळून कोणीतरी ओरडलं, "हेनादिओच्या घराने पट्टा सोडला रे!"

"सोडला," हेनादिओ जागचा न हलता म्हणाला. "पाठीला गवत लागलंय का तेवढं बघ."

लागलं नव्हतं. दुसऱ्या पकडीत तिर्सोने एवेलिओला असं लोळवलं, की दोन्ही खांदे एकदम टेकले. मग जिंकणाऱ्याच्या रीतीने तो उभा राहिला. पुढचा आला, तोही पडला. तिसरा एवेलिओसारखाच नदीकाठचा, ताज्या दमाचा. त्याने तिर्सोला दोनदा कुशीवर पाडलं आणि मेंढा जिंकला.

तिर्सो भिंतीशी आला. घामाने निथळत होता.

"किती वेळा सोडला मी?" त्याने विचारलं.

"तीनदा," बेनिल्दे म्हणाली.

त्याने हात समोर धरून सरळ केला. शेवटचं बोटभर वाकडेपण राहिलं. ते जन्मभर राहिलं. पुढे बत्तीस वर्षं तो गावातल्या पोरांना शिकवत होता, आणि पहिला महिनाभर पट्टा हातात न देता नुसतं पडायला लावायचा. पोरं कुरकुरली तर तोच हात पुढे धरायचा.

त्या संध्याकाळी बेनिल्देने लिहिलं: १५ ऑगस्ट १९५७, गुरुवार. ऊन, दुपारनंतर वारा. तिर्सोने दोघांना पाडलं, तिसऱ्याकडून हरला. कोपर शाबूत. मेंढा नदीकाठी गेला. जेवायला मामा होता. तळघरातले सहा चीज उलटवले, एकाला बुरशी, ती पुसून मीठ चोळलं.