पाहुणा नंबर तीन

धक्क्यावर तिला सगळे मोजणीताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. समुद्र-संशोधन केंद्राने तिला एकोणीस वर्षांपूर्वी मासे मोजायला नेमलं. काम ऐकायला सोपं. बोट लागली की टोपलीतले मासे काढायचे, पट्टीवर आडवे ठेवून तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी बघायची, वजन करायचं, वहीत लिहायचं. शिवाय बादलीभर पाणी काढून त्यात थर्मामीटर बुडवायचा. करून बघा म्हणजे कळेल. बोटवाल्याला माल विकायची घाई, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि ही बाई मधेच हात आडवा घालून म्हणणार, थांबा, मोजू द्या. पहिलं वर्षभर तिने निमूटपणे शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या वर्षी ती परत द्यायला लागली, तेव्हा कुठे काम मार्गी लागलं.

या एकोणीस वर्षांत पाणी दीड अंशाने तापलं. दीड अंश म्हणजे काय, असं लोक तिला हसून विचारत. आंघोळीच्या पाण्यात कळणारही नाही एवढं. पण माशांना कळलं. नेहमीचे मासे खोल, थंड पाण्यात निघून गेले आणि दूरच्या गरम समुद्रातले, इथे कुणाच्या बापजाद्यांनी न पाहिलेले, एकेक करून यायला लागले. तिच्या छापील फॉर्मवर ‘स्थानिक नाव’ असा रकाना होता. ज्याला नावच नाही त्याचं लिहायचं काय? तिने लिहिलं, पाहुणा १. पुढच्या वर्षी दुसरा आला, तो पाहुणा २. असं करत गाडी सातपर्यंत गेली. वहीत आकडे होते. धक्क्यावर आकडा कोण बोलतो? तिथे सगळे नुसते पाहुणे.

त्यातला तिसरा भारी उपद्रवी निघाला. अंगभर पट्टे, पाठीवर विषारी काटे, आणि खादाड इतका की इतर माशांची पिल्लं फस्त करत सुटला. केंद्रातल्या संशोधक बाईंनी डोकं लढवलं. काट्यात विष असलं तरी मांस चांगलं आहे, मग लोकांनाच खाऊ द्या, आपोआप आवरेल. धक्क्यावर मोठा फलक लावायचं ठरलं. मजकूर ताईने लिहून दिला: ‘पाहुणा ३ बेधडक खा. काटे तेवढे कापा.’ पेंटरला वाटलं तीन हा अनुक्रमांक. त्याने तो गाळला. ताईने पाहिलं, तिच्या जिभेवर आलंही, पण म्हणाली, जाऊ दे, खाली चित्र आहे ना. दोन वर्षांत चित्र उन्हाने उडालं. अक्षरं चांगल्या रंगाची होती, ती राहिली.

तर त्या दिवशी, दुपारच्या साडेबाराला, संशोधक बाई स्वतः धक्क्यावर आल्या. हातात एक फोटो. चंदेरी कूस, पाठीवर काळे ठिपके आणि पुढे सशासारखे दात.

“ताई, हा कधी दिसला का? दुसऱ्या बंदरात आलाय. काळीज, गाभोळी, मांस, सगळं विषारी. शिजवून जात नाही, तळून जात नाही. उतारा नाही यावर. तीन माणसं गेली तिकडे.”

“नाही मॅडम. आला असता तर मी मोजला असता,” ताई म्हणाली. हे ती अगदी छातीठोकपणे म्हणाली, आणि पुढे कित्येक दिवस तिला त्याचीच लाज वाटत राहिली.

शेजारी जाळं शिवत बसलेला खलाशी, तिच्या थोरल्या भावाच्या बोटीवरचा, मान वाकडी करून फोटो बघत होता. “हा? हा तर पाहुणा. आज पहाटे आले की दोन आमच्या जाळ्यात. जाळं कुरतडलंय मेल्यांनी, तेच तर शिवतोय.”

“कुठे आहेत?”

“दादाने नेले. तुम्हाला दाखवायचे नव्हते त्याला. तुम्ही काढून घेता म्हणाला.” मग त्याने फलकाकडे बोट केलं. “खायला चालतो ना? तुम्हीच लिहिलंय.”

ताईने दादाला फोन लावला. बंद. वहिनीला लावला. वहिनीने उचलला, पण स्वर घुश्श्यातला.

“वहिनी, पाहुण्याला हात लावू नका.”

“मी कशाला हात लावू? आधी येऊ तर देत. तुझा दादा तासाभरापूर्वी आला, म्हणाला आज पाहुणा आहे, स्वयंपाक मी करतो, तू बाजूला हो. मी चादर बदलली, तीन ताटं मांडली. माणसाचा पत्ता नाही.”

“अहो वहिनी, पाहुणा म्हणजे मासा.”

“मासा?”

“तव्यात आहे तो. विषारी आहे. तुम्ही खाल्लात?”

“मी कशी खाईन? पाहुण्यांच्या आधी जेवायला बसते का मी?” वहिनीचा आवाज एकदम बारीक झाला. “पण त्याने मघाशी काळजाचे दोन तुकडे तोंडात टाकले. मीठ बघायला.”

“त्याला फोन द्या.”

दादा फोनवर आला तो हसतच. “कळलं वाटतं तुला? चहाड्या करतात लेकाचे. अगं, फर्मास झालाय. मिरची तेवढी जास्त पडली, ओठ चरचरताहेत.”

ती मिरची नव्हती. ताई ओरडली, “दादा, पुढचा घास घेऊ नकोस. तव्याला हात लावू नकोस. जाग्यावर बस, मी येते.” तिने फोन ठेवला तेव्हा संशोधक बाईंनी गाडी सुरूही केली होती. बाई रोज चाळिशीच्या वर न जाणारी गाडी त्या दिवशी अशी हाकत होत्या की रस्त्यावरची माणसं कडेला उड्या मारत होती. इस्पितळालाही त्यांनी वाटेतच कळवून ठेवलं.

दादा पायरीवर बसला होता. उठायला गेला आणि भेलकांडला. हा माणूस वादळात डोलकाठी धरून उभा राहिलेला, तो स्वतःच्या अंगणात दोन पावलं चालू शकेना. दोघींनी धरून त्याला मागच्या सीटवर बसवलं. ताई त्याच्या शेजारी, वहिनी पुढे. वहिनी रडत नव्हती. मागे वळून नवऱ्याकडे नुसती बघत होती.

“दादाने घरी किती मासे आणले?” ताईने विचारलं.

“एकच,” वहिनी म्हणाली.

खलाशी दोन म्हणाला होता. ताईने दादाचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला. “दादा, दुसरा मासा कुणाला दिलास?”

त्याने तोंड उघडलं. जीभ वळेना. नुसता घोगरा आवाज आला. डोळ्यांत मात्र तो पुरता शुद्धीवर होता आणि घाबरलेला होता. याआधी त्याला घाबरलेला तिने कधी पाहिला नव्हता.

“बरं, बोलू नकोस.” तिने आपला तळवा त्याच्या हाताखाली ठेवला. “मी नावं घेते. हो असेल तर एकदा दाब, नाही तर दोनदा. बर्फवाल्याला दिलास?”

दोनदा.

“इंजिनवाल्या मिस्त्रीला? तुझ्या मित्राला? पलीकडच्या आजींना?” दोनदा, दोनदा, दोनदा. प्रत्येक वेळी दाब कमी. “विकलास? हॉटेलवाल्याला?” दोनदा. ताईचा जीव टांगणीला लागला. कुठल्या तरी घरात यावेळी चूल पेटलेली असणार, आणि ते घर या माणसाच्या बोटात अडकलं होतं. एकोणीस वर्षं मोजमाप करणारी बाई ती, पण तिला नावं सुचेनात. सगळा धक्का संपला, सगळी गल्ली संपली. तिला त्याचा भयंकर राग आला. एवढं कुणाचं नाव लपवतोयस, असं ती जवळजवळ ओरडलीच.

तेव्हा त्याने एकदाही दाबलं नाही, दोनदाही नाही. त्याचं बोट तिच्या तळव्यात रुतलं आणि तसंच दाबत राहिलं. उरलंसुरलं सगळं बळ लावून तो तिलाच ढकलत होता.

“मला?” ती म्हणाली. “माझ्या घरी?”

एकदा.

तिचा नवरा शिंपी. घरातच पुढच्या खोलीत मशीन टाकून बसायचा. मशीन सुरू झालं की कानाशी ढोल वाजवला तरी त्याला ऐकू जात नसे. ताईने फोन लावला. पूर्ण वाजून बंद पडला. परत लावला. गाडी इस्पितळाच्या फाटकात शिरली, दोन माणसं ढकलगाडी घेऊन धावत आली, त्यांनी दादाला बाहेर ओढून घेतलं. त्याचे डोळे तिच्यावर खिळलेले होते आणि तिच्या कानाला फोन होता. ढकलगाडी दरवाजाआड गेली तरी पलीकडे घंटी वाजतच होती.

तिसऱ्या वेळी नवऱ्याने उचलला.

“जेवलात का तुम्ही?”

“छे. पोटात कावळे ओरडताहेत, पण तुझ्या भावाची सक्त ताकीद आहे. मासा ठेवून गेला, म्हणाला ती आल्याशिवाय तोंड लावशील तर याद राख. तिला आवडेल ते आधी तिला मिळू दे म्हणाला. तळून ठेवलाय. कधी येतेस?”

ताई भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने त्याला सगळं सांगितलं, तव्यासकट मासा कशाकशात गुंडाळायचा, कुणी मांजर-कुत्रं शिवू नये म्हणून कुठे ठेवायचा, हात किती वेळा धुवायचे. नवरा हूं हूं करत राहिला. शेवटी म्हणाला, “तू रडू नकोस.” ती रडतेय हे तिला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी दादाच्या घशात नळी घातली आणि त्याला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. म्हणाले, औषध नाही, अंगातून विष उतरेपर्यंत मशीनने श्वास घ्यायचा, एवढंच. त्याला बोट हलवता येणार नाही, पापणी उचलता येणार नाही, पण त्याचा मेंदू जागा आहे. “सगळं ऐकू येतंय त्यांना. बोलत राहा.”

आत एकालाच सोडत होते. वहिनी आणि ताई आळीपाळीने बसल्या. नवरा येऊन बाहेरच्या बाकावर थांबला. वहिनी हात धरून नुसती बसायची. बोलायचं काम ताईच्या वाट्याला आलं, आणि ती तीस तास बोलली. तीनचा आकडा तिनेच सोडून दिला हे सांगितलं. खलाशाकडून फलक उतरवून घेतला हे सांगितलं. लहानपणी त्याने तिला उलट्या होडीखाली कोंडलं होतं त्याचा हिशेब काढला. मूर्ख म्हणाली, गाढव म्हणाली, परत असं करशील तर बघ म्हणाली. तो दगडासारखा पडून. कधीमधी त्याच्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी ओघळायचं. नर्स म्हणाली, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून औषध घालतो, ते असेल. ताई पदराने टिपायची आणि पुढे बोलायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या भुवया हलल्या. मग बोटं, मग खांदा. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. डॉक्टर म्हणाले, लगेच बोलू नका, घसा सोललेला आहे. पण त्याने ताईचं मनगट पकडलं आणि खाली ओढलं. ती वाकली. आवाज असा की शब्द नीट कळेनात. त्याने परत म्हटलं.

“तो जेवला का गं?”

ताईला आधी अर्थच लागेना. मग लागला. ढकलगाडी आत गेली तेव्हा घंटी वाजत होती. त्याच्यापुरती ती अजून वाजतच होती. ती तीस तास जगातलं सगळं बोलली, आणि ही एक गोष्ट तिने सांगितलीच नव्हती, कारण तिला ती ठाऊक होती.

“नाही रे दादा,” ती म्हणाली. “नाही जेवला. थांबला होता तो. बाहेर बसलाय, बोलावते.”

दादाने तिचं मनगट सोडलं नाही. तिने तिथूनच नवऱ्याला हाक मारली.