पडद्यामागचं वाक्य

लेकीच्या गॅदरिंगला वर्तकनगरच्या शाळेत गेले. मखमली पडद्याचा धुळकट वास आला आणि मी थेट मोहने गावातल्या माझ्या जुन्या शाळेत पोचले.

सातवीत आम्ही गोलमेज परिषद बसवलेली. इंग्रजांच्या साम्राज्यात कुणी कुणाच्या वतीने बोलायचं, यावरचं नाटक. अस्पृश्यांच्या प्रतिनिधीचं भाषण मला तोंडपाठ होतं. चौदा एप्रिलच्या जयंतीला भाषण घोटून घ्यायचे, तसं पप्पांनीच घोटून घेतलेलं. पण बाई म्हणाल्या, "अगं, मंदारचं बोलणं शुद्ध आहे. त्याला करू दे. तू पडद्यामागून वाक्यं सांग."

ऐन भाषणात मंदार अडकला. मी जीव तोडून कुजबुजले, "आमच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलू नये. आमचं आम्हीच बोलू." त्याने ते खणखणीत म्हटलं. टाळ्याच टाळ्या.

घरी जाताना मी उड्या मारत होते. "पप्पा, ते वाक्य मी सांगितलं! ऐकू आलं?"

"आलं ना. तुझंच आधी आलं."

मग त्यांनी माझा हात घट्ट धरला, तो चाळ येईपर्यंत सोडला नाही. पप्पा गेल्यावरही कितीतरी वर्षं मी समजत होते, त्यांना कौतुकाने भरून आलं होतं.